पाच तास सत्तेचाळीस

डब्यावर पाच हजार छापलेलं असतं.
डब्यावर काय, काहीही छापतात.
म्हणून अमळनेरच्या या दीड खणाच्या दुकानात
नवी बॅटरी बसवली की
मी फोन शंभरावर नेतो, नेट बंद करतो,
उजेड अर्धा, आवाज चार काड्या,
आणि एखादा व्हिडिओ फिरत ठेवतो
फोन मरेपर्यंत.

मथुराबाईंच्या फोनात एकच होता.
नऊ मिनिटं चाळीस सेकंद. गल्लीतली कानबाई.

दुपारी बाराच्या ठोक्याला लावला.
चौरंगावर नारळाचं तोंड, नथ, हिरवं लुगडं,
शेजारी रोटांचं ताट,
मग डफ, मग उन्हात नाचणारी सगळी गल्ली,
मग बोरीचं गुडघाभर पाणी
आणि लगेच पुन्हा चौरंग.
देवी नदीवर जायची
नि दहा मिनिटांच्या आत
कोरडी ठणठणीत घरी बसलेली असायची.
"शेठ, तिला जरा दम खाऊ द्या,"
निंबा सोल्डरिंग गन खाली ठेवत म्हणाला.

दोनला पासष्ट. साडेतीनला चाळीस.
वहीत लिहीत गेलो.
मध्ये दोन चार्जर विकले, एक काच बदलली,
आणि दहाव्या खेपेपर्यंत ती गल्ली माझीच झाली.
पिवळ्या साडीतली बाई चपला हातात घेऊन नाचते.
एक म्हातारा रस्त्यातली सायकल बाजूला घ्यायला
दर वेळी नव्यानं विसरतो.
आणि पाण्याशी,
देवी डोक्यावर घेतलेल्या बाईला
व्हिडिओ काढणारा पोरगा हाक मारतो,
"माय, आठे दख ना."

ती बघत नाही.
डोक्यावर देवी. मान वळवणार कशी?
पोरगा दिसत नाही, नुसता आवाज.
पस्तीस वेळा हाक, पस्तीस वेळा ताठ मान.

छत्तिसाव्या खेपेला
पहिलं पाऊल पाण्यात पडायच्या आत
पडदा काळा झाला.
भिंतीवर पाच सत्तेचाळीस.
देवी काठावरच राहिली
आणि दुकानात एकदम पंखा ऐकू यायला लागला.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या.
मान मी लगेच ओळखली.
"उधनालगून पुरी का, भाऊ?"
पोरगा तिकडे लूमवर. दोन वर्षं आलेला नाही.
पॅसेंजरला सहा तास लागतात,
आणि त्यांना रस्ताभर हेच बघायचं होतं.

रात्रभर चार्ज केलेला फोन चालू केला.
व्हिडिओ थांबला होता तिथूनच उठला.
पाणी. डफ.
"माय, आठे दख ना."

मथुराबाईंनी मान वळवली.

पैसे घ्यायचं मला सुचेना.
"तेरा मिनिटं कमी पडतील," मी म्हणालो,
"उजेड थोडा उतरवा.
निघतील."