टाकी ते टाकी

स्क्रीन म्हणते एकोणीस पूर्णांक नऊ.
माझी वही म्हणते सतरा सात.
चारशे बारा किलोमीटर, वर सहाशे मीटर,
भागिले तेवीस लिटर एकतीस.
पाथर्डी फाट्याचा पंप, तेच नोझल, पहिल्या कटला थांबून.
गांगुर्डेला माहीत आहे. वरून थेंबभरही ढकलत नाही,
राउंड फिगर करू का, हे विचारणंही त्याने सोडलंय.
'झिरो बघा, साहेब,' म्हणतो. मी बघतो.

बत्तीस वर्षं सातपूरला मी गेज तपासले.
व्हर्निअर, मायक्रोमीटर, डायल,
आलेलं प्रत्येक यंत्र आधी आरोपी.
वीस अंशांच्या खोलीत, पांढरे हातमोजे घालून
मी एवढंच विचारायचो: तू किती खोटं बोलतोस
आणि रोज तेवढंच बोलतोस का?
तेवढंच असेल तर पास.
स्टिकरवर चूक लिहायची, कामाला धाडायचं.

म्हणून खैरनार लिफ्टमध्ये म्हणाले, माझी चोवीस देते,
तरी मी भांडत नाही.
स्क्रीनवरची ना, इतकंच विचारतो.

कसारा घाट उतरताना तर ती नव्याण्णव पूर्णांक नऊ दाखवते,
जणू पंपवाल्यांची आणि आपली ओळखच नाही.
परतताना, इगतपुरीच्या अलीकडे, ट्रकमागे दुसऱ्या गिअरमध्ये
सहा.
द्वारकेच्या चौकात आठ.
गंगापूर रोडला रविवारी, सकाळी सातच्या आत, बावीस.
तेव्हा मलाही क्षणभर वाटतं, असेल बाबा खरं.

एकशे सदतीस टाक्या आहेत वहीत.
शंभराला बारा, कधी साडेबारा. सात वर्षं तेवढंच.
स्टिकर लावला असता मी.

फक्त एक ओळ खाली जाते.
मे महिना. एकशे अठ्ठ्याऐंशी किलोमीटर,
सतरा लिटर दहा.
अकरा.
शेऱ्याच्या रकान्यात मी टायरची हवा लिहितो, घाट, एसी.
इथे लिहिलंय: हेमलता.

मुंबई नाक्यावरच्या हॉस्पिटलातून दर मंगळवारी निघालो की
ती म्हणायची, घरी नको एवढ्यात.
मग धरणाच्या रस्त्याला, एका द्राक्षबागेच्या कुंपणाशी
काचा बंद, एसी दोनवर, इंजिन चालू.
मागच्या सीटवर ती आडवी, हाताला कापूस चिकटलेला.
तास. दीड तास.
एकदा तर बागेतला पाण्याचा पंप बंद करून माणूस घरी गेला तरी.
किलोमीटर शून्य, पेट्रोल जातंय.
स्क्रीनवर शून्य पूर्णांक शून्य.
सात वर्षांत स्क्रीनने अचूक सांगितलं ते एवढंच.

'ॲव्हरेज पडेल हं तुमचं,' डोळे न उघडता ती म्हणाली.
पडू दे, म्हटलं.
पडलं.

केतकी रात्री पुण्याहून विचारायची, आई कशी आहे?
छान आहे. जेवली. हसली.
जेवली होती, अर्धी पोळी.
हिशेब मांडला तर माझेही शंभराला बारा निघतील,
काही मंगळवारी चाळीस.
रोज सारखं नाही म्हणजे नापास.
मी मला त्या खोलीतून बाहेर सोडलं नसतं.

पोरगी आपल्या परीने वजा करत असणार,
माझीच आहे.
एका रात्री म्हणाली, बाबा, स्क्रीनवरचं झालं,
आता वहीतलं सांगा.

सांगितलं. बराच वेळ लागला.

आता हेमलता पुढे बसते. केस आलेत, कानापर्यंत.
परवा पंपावर मी पाकीट शोधत होतो,
गांगुर्डे तिच्या खिडकीशी वाकून म्हणाला,
झिरो बघा, ताई.
तिने पर्समधून चष्मा काढला, पदराने पुसला,
नीट लावला, बघितलं,
आणि म्हणाली, हं, सोडा.