फुल्या

सकाळी सहाला स्लेटच्या फरशीवर
तिची नखं वाजतात, तेव्हा मी अंथरुणातच मोजतो:
टक्, टक्, टक्, आणि एक हलका,
आजाऱ्याच्या खोलीत पाऊल टाकावं तसा.
म्हणजे आजही.

चुलीपासून दारापर्यंत अकरा फरश्या.
नवव्या फरशीला चारही ठोके सारखे होतात.
दार उघडावं तर ती कुंपणापलीकडे पोचलेली,
आणि मला वाटतं, मीच झोपेत चुकीचं मोजलं.

ब्रीथ. आमच्या वेल्शमध्ये कबरी.
वय सात. पुढचा डावा पाय दुखतो. कधी कधी.
या 'कधी कधी'नं माझं डोकं खाल्लं.
बुधवारी दुखतो. गुरुवारी ती
दोनशे मेंढ्या नेच्यांच्या रानातून अशी उतरवते
की जणू कुणी डोंगरावरून दूध ओतलं.
शुक्रवारी पुन्हा पंजा अधांतरी.
मेरेरिड म्हणाली, तुझ्या गुडघ्यासारखंच की,
तुलाही चॅपेलच्या दिवशीच कळ येते.

डॉक्टरकडे नेलं. टेस्नी, इड्वलची नात,
बोकडाला भिऊन भिंतीवर चढायची, ती.
तिच्या अंगणात ब्रीथ तीन फेऱ्या चालली,
ताठ, परेडमधल्या शिपायासारखी.
मी म्हटलं, घरी लंगडते गं, शपथ.
टेस्नी हसली नाही.
"पाय नका बघू, डोकं बघा.
दुखरा पाय टेकला की मान वर जाते."
तिनं कोपर वाकवलं. ब्रीथनं ओठ चाटले.
तेवढंच. आजवरची तिची सगळी तक्रार तेवढीच.

एक्स-रेत सांध्याच्या कडेला खरखरीत काहीतरी,
दगडी गडग्यावर दगडफूल चढावं तसं.
जाणार नाही, म्हणाली, सांभाळावं लागेल.
वजन दोन किलो उतरवायचं. गोळी जेवणाबरोबर.
सहा आठवडे धावणं बंद, दोरीला बांधून चालवायचं,
रोज तेवढंच;
एक दिवस डोंगर आणि तीन दिवस चूल, असं चालणार नाही.

दोरी!
मेंढरांमागच्या कुत्रीला दोरी म्हणजे
पोस्टमनला पत्ता समजावणं.
मेंढ्यासुद्धा चरायच्या थांबल्या.
इड्वलनं ट्रॅक्टर मुद्दाम हळू केला,
"काय रे एमरिस, कोण कुणाला फिरवतंय?"
मी हात हलवला. ब्रीथनं दुसरीकडे पाहिलं.

खाद्यवाल्याच्या कॅलेंडरवर पेन्सिलीच्या खुणा:
लंगडली तर फुली, थंडी असली तर ठिपका.
मार्चात नऊ फुल्या, एप्रिलात पाच,
मला वाटलं, सापडलं गणित.
मग मे महिन्यातल्या एका उबदार रविवारी,
काम नाही, दव नाही, काही नाही,
फुली.
दोन दिवसांनी मेरेरिडनं सांगितलं,
मांजरामागे गवताच्या माळ्यावरून उडी घेतली होती बाईंनी.

सात वर्षं ती माझ्यापुढे चारशे पावलं.
तिची पाठ मला ठाऊक, शिट्टीला वळणारा कान ठाऊक.
शेजारी चालताना ती कशी दिसते, ते ठाऊक नव्हतं.
डाव्या डोळ्यावर तीन पांढरे केस आहेत.
ओढा आला की ती आधी माझ्याकडे बघते,
याला जमेल का, म्हणून.

आता सपाटीवर ती, चढणीला कॅप.
ती क्वाडवर माझ्या मागे बसते, मालकिणीसारखी.
कॅप पोरसवदा, मेंढ्या फोडतो,
तेव्हा ती माझ्या पाठीत नाक खुपसते:
बघतोयस ना?

आज सहाला आवाजच आला नाही.
पाय शर्टात, हात विजारीत, असा मी खाली धावलो.
ती उठत होती, सावकाश, आधी पुढून, मग मागून.
चुलीपासून दारापर्यंत मेरेरिडनं रात्रीच
जुना गालिचा कापून पट्टी अंथरली होती,
घसरू नये म्हणून.

आता मोजता येत नाही.
पेन्सिल कानावर ठेवून मी तिचं डोकं बघत उभा.
ती येते, शेपूट इतक्या जोरात हलतंय
की सगळं अंगच हलतंय, डोकंसुद्धा.
आता यातलं काय लिहू?