लि

सेलूच्या कॉलेजात, रात्री पावणेअकराला
आठव्यांदा यंत्र सुरू केलं
आणि काळ्या पडद्यावर पुन्हा दोनच अक्षरं उमटली:
एल. आय.
त्यापुढं काही नाही.

लिलो त्याचं नाव. एका सेक्टरात बिऱ्हाड,
काम एवढंच की कर्नल कुठं झोपलाय ते ठाऊक असावं
आणि हाक मारून उठवावं.
तो स्वतःचंच नाव अर्ध्यात विसरत होता,
तोंडी परीक्षेला उभ्या राहिलेल्या पोरासारखा:
सर, माझं नाव लि... लि...

डिस्क परभणीहून आणलेली, दुसऱ्याच यंत्रात आखलेली,
वीस जीबी, कडेला खिळ्यानं कोरलेलं कुणाचं तरी इनिशियल.
तिथल्या मोजणीत हेड सोळा.
आमचं बायोस म्हणतं दोनशे पंचावन्न.
सोनटक्के सर म्हणतात, उघडून बघ, आत खरी डोकी दोन, फार तर तीन.
म्हणजे खोटं दोघंही बोलायलेत,
आणि दर ट्रॅकला त्रेसष्ट सेक्टर, एवढ्या एका गोष्टीवर दोघांचं जमतं.
मी वहीच्या मागच्या पानावर गुणाकार करत बसले.

नूरोद्दीनमामू आत आले, किल्ल्यांचा जुडगा वाजवत.
तीस वर्षं मोजणी खात्यात, आता इथं रात्रपाळी.
"कुलूप लावायचंय. काय करायलीस अजून?"
एकाच जमिनीचे दोन नकाशे निघालेत, मामू.
त्यांनी स्टूल ओढलं. जुडगा खिशात गेला.

"साखळी झिजली की काय होतं, सांग बरं."
तुटते.
"लांब होते. दरेक कडी केसभर.
रान तेच, बांध तोच, कागदावर मात्र आक्रसत जातं.
मग भाऊ भावाच्या अंगावर धावतो.
साखळी कुणी मोजत नाही."
मग तुम्ही काय करायचे?
"पहिला दगड हुडकायचा. तिथून परत. एकाच साखळीनं."

मी सगळं पुसलं.
पुसताना हात जरा थांबला, त्यात कुणाची तरी बी.एस्सी. होती.
मग बायोसचीच साखळी धरली.
त्या म्हाताऱ्याला हजार चोवीस सिलिंडरांपुढचं दिसत नाही,
आणि मी कर्नल ठेवला होता सतराशेच्याही पुढं,
दुधनेपलीकडं घर बांधून
अलीकडून हाका मारत बसल्यासारखं.
आता अगदी सुरुवातीला, दगडाला लागून,
पंधरा एमबीचा तुकडा आखला. त्याला तिथंच ठेवला.
दुसरी सीडी ओरखड्यापाशी अडली,
ओढणीनं पुसली, चालली.

साडेबाराच्या सुमारास पुन्हा बटण.
एल.
आय.
मामू पुढं झुकले.
एल. ओ.
आणि मग ओळींवर ओळी, वाचायला उसंत नाही,
जत्रेतून माणसं एकदम बाहेर पडावीत तशा.
शेवटी एकच ओळ, आणि तिच्या टोकाला उघडझाप.

"काय विचारायलंय?"
नाव.
"मग? मोजणी झाली की नाव लावायचंच राहतं."
मी रूट असं टाइप केलं.
त्या अख्ख्या वीस जीबीवर तेवढंच एक नाव होतं.
माझं लागायचं होतं अजून.

मामूंनी किल्ली काढली.
"लाव की सकाळी," म्हणाले,
"दगड कुठं पळायलाय?"