चार-पाच

रात्री पावणेतीनला, स्ट्रेचरमागे धावताना,
त्या कोवळ्या डॉक्टरने विचारलं,
काकी, शुगर क्यारथी छे?
माझ्या एका हातात ह्यांची चप्पल, दुसऱ्यात कवळीची डबी.
मी म्हटलं, हशे चार-पाच वरस.

एवढंच.

चार-पाच म्हणजे काय ते दांडिया बाजारात कुणालाही विचारा.
चार-पाच म्हणजे थोडी. म्हणजे आठवत नाही.
म्हणजे बाबा रे, आधी ह्यांना आत घे.
चार घास, चार पैसे, चारचौघांत बसणं-उठणं,
जन्मभर चार म्हणत आले
आणि कुणी कधी मोजून घेतले नाहीत.

त्याने लिहून घेतलं. इंग्रजीत.
चार-पाचातलं फक्त पाच.

अलकापुरीत काचेच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर
जिग्ना नावाची मुलगी बसते. स्वभावाने चांगली. पाणी विचारते.
तिने कागद माझ्याकडे फिरवला, नखाने दाखवलं:
पॉलिसी तीन वर्षांची, आजार पाच वर्षांचा.
मोठा निघाला, आंटी.
ठरलेल्या लग्नात मुलगी मुलाहून मोठी निघावी
आणि बैठक मोडावी, तसं.

घरी येऊन सगळे रिपोर्ट पलंगावर मांडले.
पहिला सापडला तो परवाच्या नवरात्रातला,
गरब्याच्या मैदानाबाहेर फुकट तपासत होते तेव्हाचा.
त्याच्या आधीचा कागदच नाही.
तेव्हा साखर नव्हती, याची पावती
मी कुठल्या दुकानातून आणू?

चार लाख बारा हजार.
स्कूटर गेली. पाटल्या गेल्या.
बाकीचे सुधाकर भावजींनी दिले, आणि तेव्हापासून
ते फोनवर आधी हवापाण्याचं बोलतात.

ह्यांनी मकरपुऱ्याला लेथवर एकतीस वर्षं काढली.
(एकतीस. आता मोजून सांगते.)
केसाच्या दहाव्या हिश्शाने चुकलं तरी जॉब रिजेक्ट.
अशा माणसाला कसं सांगावं,
की तुमचे पैसे माझ्या जिभेवरून घसरले?
अकरा दिवस गिळलं.
बाराव्या दिवशी, भेंडी चिरताना, मान वर न करता सांगून टाकलं.

रागावले नाहीत. म्हणाले,
ड्रॉइंगवर मापाशेजारी बारीक लिहिलेलं असतं, अधिक-उणे.
ते नसेल तर एकही शाफ्ट
एकाही बेअरिंगमध्ये बसायचा नाही.
तू अधिक-उण्यासकट सांगितलं होतंस.
त्यांनी माप तेवढं उचललं.

मला इतकं बरं वाटलं
की तक्रारीचा अर्ज काढून पुढे लिहायलाच बसले.

मग बऱ्याच वेळाने, चपलेचा अंगठा चाचपत,
ते खालच्या आवाजात म्हणाले,
तसं तळपायांना मुंग्या यायच्या.
मशीनपाशी उभं राहून होत असेल, म्हटलं.
रात्री उठून दोन-दोनदा पाणी प्यायचो. तू झोपलेली असायचीस.

कधीपासून?

त्यांनी छताकडे बघितलं. खरंच आठवून बघितलं.
झाली असतील, म्हणाले,
चार-पाच वर्षं.

अर्ज माझ्या मांडीवर तसाच. पेनाचं टोपण उघडं.
खाली पाववाल्याने घंटी वाजवली,
हे कठड्याला धरून वाकले आणि विचारलं, किती सांगू?

मी तोंडाने काही बोलले नाही.
बोटं दाखवली.