एंबोच

पहाटे आम्ही ओळीनं उतरतो,
ताना सरोवराच्या उत्तर काठावर, कमरेइतक्या गाळात.
पाणी म्हणायचं ते सवयीनं.
दिसतं ते जलपर्णीचं रान, नजर जाईल तिथवर,
वर जांभळे तुरे,
लग्नघरासारखे नटलेले.
आम्ही त्याला एंबोच म्हणतो.
शिवी द्यायची तरी हाच शब्द.

फेंटाये उपटते, माझ्याकडे देते,
मी मुलुआलेमकडे, तो काठावर फेकतो.
एकेक रोप ओल्या वासरासारखं जड,
मुळं काळी, केसाळ, जळवा लगडलेली.
दुपारपर्यंत चटईएवढं पाणी उघडं पडतं.
त्यात आभाळ दिसतं. मुलुआलेम टोपी काढतो.
रात्री वारा फिरतो
आणि भोक शिवून टाकतो.

यंत्रही आलं होतं, मोठं, पिवळं.
दोन महिने चाललं, मग कसलीशी साखळी तुटली.
नवी साखळी म्हणे कुठल्याशा बंदरात अडकलीय.
आता त्याच्या पट्ट्यावर
पाणकावळे पंख वाळवत बसतात.

पंपघरातला पोरगा सांगतो,
तासातासाला जाळीत हात घालावा लागतो,
नाहीतर गावाच्या नळाला नुसता उसासा.

माझ्या भावाची टांक्वा, लव्हाळ्याची नाव,
या हिरव्यात तीन दिवस रुतून होती.
बेटावरच्या मठाची घंटा त्याला ऐकू येत होती,
इतका जवळ.
मासे नासले. तो आला.
आता शहरात विटा वाहतो,
पाण्याकडे पाठ करून जेवतो.

साहेब म्हणाले,
याचं बी गाळात वीस वर्षं जिवंत राहतं.
फेंटायेनं बोटं मोडली:
"म्हणजे तोवर माझे दात जाणार."
आणि पुढचं रोप उपटलं.

काल घरी गेले तर
चुलीमागे, तेलाच्या डब्यात,
हातभर पाण्यावर तेच.
माझ्या गाबीच्या घडीत अडकून आलेला कोंब
एनातनेशनं जपला होता, सात वर्षांच्या माझ्या पोरीनं.
फूलही आलेलं. वरच्या पाकळीवर
मोरपिसाचा डोळा.
"आई, हे सुकत होतं. मी बरं केलं."

हात पुढे गेलाच होता.
माझ्या हातांना आता एवढंच येतं.
पण म्हटलं, "पिल्लं मोज त्याची."
"सात."
"दोन आठवड्यांनी?"
"चौदा."
"मग?"
अठ्ठावीसला तिची बोटं संपली, माझी घेतली.
छप्पन्नला ती डब्यापासून मागे सरकली.

फूल तेवढं तोडून तिच्या वेणीत खोवलं,
संध्याकाळपर्यंत मरणारच होतं ते.
बाकीचं तिनंच उन्हात टाकलं,
मुळं वर करून, मी करते तसं.
नाक पुसत.

ती झोपल्यावर मी डबा दोनदा विसळला
आणि ते पाणी
चुलीतल्या राखेवर ओतलं.