तुलनेचं गाव

वुंपिनी म्हणजे देवाची देणगी.
हे नाव घेऊन मी दर तीन महिन्यांनी
मोटरसायकलवरून या गावात येतो
आणि काहीच देत नाही.

विचारतो फक्त.
पाणी कुठलं? तळ्याचं.
गाळता? फडक्यानं.
आठवड्यात जुलाब कोणाला? धाकटीला.
किती दिवस?
सनातू शेंगा फोडता फोडता सांगते,
मी टॅबलेटवर बोट टेकवत जातो.

ओढ्यापलीकडच्या गावाला थेंब मिळतात,
निळ्या बाटलीतले, घागरीत टाकायचे.
नाणं उडवलं होतं. त्यांचा छापा पडला, यांचा काटा.
दान सत्पात्री पडायचं तर आधी मोजायला हवं,
तामालेच्या कचेरीत शिकवलं मला,
नाहीतर आंधळं दळत राहतं
आणि पीठ कुणाच्या पोटात गेलं, कळत नाही.
तिकडे ॲबरडीनला कुणी युअन आहे,
बोटींची इंजिनं दुरुस्त करता करता म्हातारा झालेला.
महिन्याच्या महिन्याला पैसे पाठवतो आणि एवढंच लिहितो:
यानं खरंच फरक पडतो का?
पडत नसेल तर सांगा, राग नाही.
मला आवडतो तो माणूस.
सनातू म्हणाली, "त्याला म्हणावं, एकदा तळ्यावर ये."

आज मी म्हटलं, ही आठवी फेरी.
तिचा हात थांबला.
आतून तुंबा आणला, जमिनीवर पालथा केला.
खडे. सहा.
"तू आलास की एक टाकते.
आजचा धरून सात."

मार्चमध्ये गाडीची चेन तुटली होती.
घरी पंख्याखाली बसून भरले होते मी चाळीस फॉर्म.
तळ्याचं. फडक्यानं. धाकटीला. तीन दिवस.
दर वेळी तेच तर सांगते ही!

"मार्चमध्ये धाकटी आजोळी होती," सनातू म्हणाली,
"तिथं हापशाचं पाणी. महिनाभर ठणठणीत.
तो महिना तुझ्याकडे असायला हवा होता."

सिग्नल शिआच्या झाडाखालीच मिळतो.
तिथं उभा राहून लिहिलं:
फेरी सहावी. गेलो नव्हतो. सगळी घरं काढून टाका.
नोकरी जाईल बहुतेक.
युअनला उत्तर आणखी उशिरा मिळेल.

परत अंगणात आलो.
"बस," ती म्हणाली. "कुठवर आलो होतो आपण?"

पाणी कुठलं?

तिनं एक खडा उचलला,
तुंब्यात टाकला,
आणि मग सांगितलं.