उस्तवारी

मी बॉण्डरायटर. निपाणीत रजिस्ट्रार कचेरीसमोर,
झेरॉक्स मशीनला लागून माझी खुर्ची.
पाच गावांच्या तलावाचा करार माझ्याच हातचा.
तीन गावं अलीकडची, दोन पलीकडची,
सीमेचा दगड पाण्याखाली,
मे महिन्यात डोकं वर काढतो तेवढाच.

दोन प्रती केल्या, एक मराठी, एक कन्नड.
कलम चार: तलावाची उस्तवारी समितीकडे.
कन्नडमध्येही तोच शब्द बसला, एका उकाराच्या फरकानं.
तेव्हा वाटलं, चला,
एक शब्द शोधायचा वाचला.

आमच्यात उस्तवारी म्हणजे
बाळंतिणीची करतात ती.
त्यांच्यात उस्तुवारी म्हणजे
जिल्ह्याला मंत्री नेमतात ती.

पहिल्या वर्षी समितीनं मोरीची चावी घेतली.
बरोबर आहे. पाणी सोडायचं म्हणजे चावी आलीच.
चावी आली तर तिथवर जायला वाट आली,
बन्न्यांच्या हरभऱ्यातून गेली, कुणी बोललं नाही.
मग वाटेला राखणदार, राखणदाराला खोली,
खोलीला दिवा, दिव्याचं बिल,
आणि बिलासाठी घरटी चाळीस रुपये.
दर वेळी देवगोंडा मगदूम उठायचे,
टोपी सारखी करून म्हणायचे,
लिहिलेलं नाही, कबूल.
पण याच्यावाचून लिहिलेलं चालणार कसं?

आणि खरंच, चाललं नसतं.
पावतीपुस्तकं मीच छापून आणली.

यंदा ठराव झाला: ऊस लावायचा नाही.
पाणी पुरवायचं, तर पीकही समितीनंच ठरवायला हवं.
शेवटच्या गावाला दोन वर्षं पाणी पोचलेलं नाही,
हेही खरंच आहे. मगदूम खोटं बोलणारा माणूस नव्हे.

निंगव्वा हुल्लोळी दुपारी आली.
खताच्या पिशवीत गुंडाळलेला करार काढला.
तिला वाचता येत नाही. बोट ठेवता येतं.
"ओद्री," म्हणाली, "म्या काय पेरायचं, ते कुठं हाय?"

मी वाचलं. मराठी वाचलं, कन्नड वाचलं,
समासात पाहिलं, तिकिटाखाली पाहिलं.
म्हटलं, लिहिलेलं नाही, पण लिहिलेल्यातून निघतं
असं समितीचं म्हणणं आहे.

ती बाकावर टेकली.
"माझ्या सुनंला दाई बोलावली हुती.
तिनं गरम पाणी मागितलं, दिलं.
दोरा, ब्लेड, रातभर कंदील, समदं दिलं,
न सांगता दिलं. त्ये तिच्या कामातच हुतं.
पोराचं नाव तिनं ठेवलं न्हाई."

झेरॉक्सवाल्यानं मशीन बंद केलं होतं.
का कोण जाणे. वीज तर होती.

अर्ज लिहा म्हणाली. कुठल्या भाषेत, विचारलं.
म्हणाली, ज्यात कमी निघंल त्यात.

मी कोरा कागद घेतला. तारीख घातली.
विषय: कलम चारमधील एका शब्दाबाबत.
मग करार पुन्हा उलटला, शेवटच्या पानावर,
माझंच अक्षर, गोल, घाईतलं:
कलम अकरा. वाद उद्भवल्यास
निर्णय समितीचा राहील.

ती पदराच्या गाठीतून वीस रुपये सोडवत होती.
मी "प्रति," लिहिलं
आणि पुढं कुणाचं नाव घालायचं
ते अजून सुचलेलं नाही.